दोन हात अंतर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की सिडकोतल्या विजेच्या खांबांवर पाट्या चढतात. कराटे, तायक्वांदो, लाठीकाठी, स्केटिंग, अबॅकस. सगळं एकाच पाटीवर, एकाच मोबाइल क्रमांकाखाली. उन्हं कलली, डांबराची धग जरा निवली, की गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे स्कूटरी वळायला लागतात. पुढे बाप, मागे आई आणि मधे पांढऱ्याशुभ्र गणवेशातलं पोर. कमरेचा पिवळा पट्टा चाकात जाऊ नये म्हणून आईनं मुठीत धरलेला. आत पन्नास गळ्यांतून एकदम आरोळी उठते आणि बाहेरचा भेळवाला मान वर न करता कांदा चिरत राहतो.

लढण्याच्या कलांचं या शहराला वेड आहे. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, सगळे त्याला नुसतं ‘साई’ म्हणतात. तिथली तलवारबाजी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पात्यांवर नजर लावून बसले होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पातं दिसायच्या आत दिवा लागायचा, कुणाला तरी गुण मिळालेला असायचा. शेजारचा एक मुलगा माझी तगमग बघून म्हणाला, “मावशी, तलवारीकडं काय बघायलात? पायांकडं बघा.” मग हळूहळू दिसायला लागलं. दोघी मुली आपल्यामधली रिकामी जागा सांभाळत होत्या. एक पाऊलभर सरकली की दुसरी पाऊलभर मागे. कुणी कुणाला शिवत नव्हतं, तरी खेळ पेटलेला होता. वार शेवटी यायचा, क्षणभराचा. त्याच्या आधीचं सगळं त्या मधल्या जागेसाठी चाललेलं.

ही मधली जागा माझ्या स्वतःच्या वाट्याला आली ती पन्नाशी उलटल्यावर, आमच्या वसाहतीच्या सभागृहात. महिला मंडळानं यंदा हळदीकुंकवाच्या वाणाला फाटा देऊन त्या पैशांत स्वसंरक्षणाचा वर्ग ठेवायचं ठरवलं. आम्ही जमलो तेव्हा कुणी सलवार-कमीजमध्ये, कुणी साडीवरच, ओचा खोचून. शिकवायला आलेली मुलगी आमच्या निम्म्या वयाची, ज्युदो खेळलेली. आजोबा जुन्या शहरातले वस्ताद, त्यामुळे तिच्या बोलण्यात मॅटही यायची आणि मातीही. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला काकू.

आमच्या मनात होतं की पहिल्याच दिवशी ती डोळ्यांत बोटं कशी घालायची ते दाखवेल. बायका त्याच तयारीनं आल्या होत्या, एकीनं तर नखं वाढवली होती. मॅडमनी आम्हाला दोन रांगांत समोरासमोर उभं केलं. समोरचीनं चालत यायचं, आणि आपल्याला पुरे वाटेल तिथे तिला थांबवायचं. एवढंच. जमलं नाही. समोरची येत राहिली, नाकाला नाक लागायची वेळ आली, तरी कुणी ‘थांब’ म्हणेना. सगळ्या हसत होत्या. नको वाटल्यावर हसायचं, ही आमची जुनीच सवय.

“दोन हात,” मॅडम म्हणाल्या. “अनोळखी माणूस आणि तुम्ही, मधे दोन हात अंतर. त्याचा हात आणि तुमचा हात. त्याच्या आत आला म्हणजे तो ठरवून आलाय. आता पंजे उघडे, छातीच्या उंचीवर, आणि मोठ्यानं म्हणा, मागे व्हा!”

आमच्या तोंडून निघालं ते असं: “अहो, जरा मागे होता का?”

“काकू,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तो तुमचा जावई नाही.”

त्या एका वाक्यात मला वर्गाची फी वसूल झाली. आमच्या पिढीला स्वसंरक्षण शिकवलंच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या तोंडावर गुलमंडीच्या गर्दीतून जाताना पर्स छातीशी धरून दोन्ही कोपरं बाहेर काढायची, हे या शहरातल्या प्रत्येक पोरीला आईनं शिकवलेलं असतं. पदराला टाचणी. शेअर रिक्षात कडेला बसायचं, मधे नाही. अंधार पडायच्या आत घर. हे सगळं खरंच उपयोगी होतं आणि त्याला कुणी पट्टा दिला नाही. पण त्या शिकवणीची दिशा एकच होती: लहान व्हा, कमी जागा व्यापा, नजरेत येऊ नका. आवाज तर घराबाहेर काढायचाच नाही. मॅडम उलट सांगत होत्या. पाय खांद्याइतके फाका, जागा घ्या, रस्त्याच्या पलीकडच्या दुकानदाराला ऐकू जाईल असं ओरडा. उघड्या पंजांचंही कारण होतं. मूठ आवळली की बघणाऱ्याला दोघं भांडताना दिसतात. उघडा पंजा बघून दहा माणसं सांगतील की बाई नको म्हणत होती, आणि तोच पंजा पुढच्या क्षणी नाकावर बसायला तयारही असतो.

तीन आठवडे आम्ही ओरडायलाच शिकलो. सभागृहाशेजारच्या घरातून एकदा तक्रार आली. मॅडमना आनंद झाला.

तिच्या आजोबांचा आखाडा आता नाही, त्या जागी पार्किंग आहे. पण ती सांगायची त्यात तो दिसायचा. नव्या पोराला वस्ताद महिनोन्‌महिने डाव दाखवत नसत. फावड्यानं माती उकरायची, ताक-तेल-हळद घालून ती मळायची, जोर-बैठका मारायच्या, मोठ्या पैलवानांची अंगं रगडायची. धोबीपछाड आणि ढाक फार नंतर. घाई असलेली, कुणाचा तरी सूड घ्यायला आलेली पोरं त्या मातीतच गळून जायची. ही चाळणी किती जुनी असावी? कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मल्लांसाठी वेगळं प्रकरण आहे. वयानुसार आणि अंगलटीनुसार त्यांचे वर्ग, त्यांचा खुराक, त्यांचा सराव. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचं. दख्खनेत बिनोट नावाची विद्याही होती, हत्यारबंद माणसाशी रिकाम्या हातानं कसं भिडायचं त्याची. आणि निजामाच्या राज्यात तर आखाडा काढायलाही सरकारची परवानगी लागे. तालमीत जमणारी पोरं नुसती दंड फुगवत नाहीत, हे सरकारला बरोबर कळलेलं होतं. दांडपट्टा 2024 मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. विसर्जन मिरवणुकीत तो फिरतो तेव्हा मीही गर्दीत टाचा उंचावून बघते, अंगावर काटा येतो. त्याचं आणि रात्री साडेनऊच्या जालना रोडचं नातं मात्र मला अजून नीट जुळवता आलेलं नाही.

त्यापेक्षा देवगिरीचा किल्ला जवळचा वाटतो. पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचं हा इथला रिवाज आहे, तेव्हा मी तो वर्षानुवर्षं चढते आहे. गुडघे बोलायला लागले तरी चढते. त्या गडाइतकं स्वतःला जपणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. डोंगराचे कडे तासून सरळसोट केलेले, घोरपडीलाही धरायला जागा नाही. खाली खडकात खोदलेला खंदक. दरवाजे एका रेषेत नाहीत, हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू नये म्हणून. दारांवर लोखंडी खिळे. आणि ती अंधारी! डोंगराच्या पोटातून वळत जाणारा काळोखाचा बोगदा. मार्गदर्शक पलिता विझवतो, वर वटवाघळं फडफडतात आणि दिवसाढवळ्या कळत नाही की पुढची पायरी वर आहे की खाली. शत्रूच्या शरीराचा एवढा बारकाईनं विचार केलेला हा गड.

आणि 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन आला तेव्हा काय झालं? रामदेवरायाला तो दाराशी येईपर्यंत पत्ता नव्हता. यादवांचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं. खिलजीनं आवई उठवली की मागून सुलतानाची मोठी फौज येते आहे, आणि ती खरी मानली गेली. शंकरदेव परत आला, लढला, त्या झुंजीत धुळीच्या लोटामागे तीच मोठी फौज आली असं वाटून लोक पांगले. मग गडावर वेढा सोसायची वेळ आली. फिरिश्ता लिहितो की घाईघाईनं वर चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं. ताशीव कडा तिथेच होता, खंदक तिथेच होता. रायानं तह केला.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “काकू, आमच्यात याला काळा पट्टा म्हणतात.” हसून म्हणाल्या, पण पुढचा तासभर त्यावरच बोलल्या. त्यांच्याबरोबरची, पदकं मिळवलेली एक मुलगी एकदा बसथांब्यावर जागच्या जागी गोठली होती. स्पर्धेत पंच असतो, वजनगट असतो, ‘सुरू’ म्हणणारा आवाज असतो. समोरचा आपल्याला मारणार आहे हे आधीपासून माहीत असतं. रस्त्यावर सुरू कोण म्हणणार? तिथे कुणीतरी पत्ता विचारतं. मग जरा जवळ येतं. मग विनोद करतं, हसल्यावर मनगट धरतं. दर वेळची मागणी इतकी छोटी की नाही म्हणायला लाज वाटावी. तो माणूस तेवढंच तपासत असतो, हिला नाही म्हणता येतं का. हात उगारला जातो तेव्हा त्याचा अर्धा निर्णय झालेला असतो. गडावर राहणाऱ्यानं खालच्या रस्त्यावरची धूळ बघायची असते, ती या वेळी.

तरी मी त्या पांढऱ्या कपड्यातल्या पोरांच्या कातांना हसणाऱ्यांतली नाही. काता म्हणजे पाढे. बाजारात कुणी पाढे म्हणत नाही, पण ज्याला येतात त्याला सुटे पैसे मोजताना घाम फुटत नाही. शिवाय ज्यांनी या कला घडवल्या त्यांना हा फरक माहीत होता. ओकिनावाहून 1922 मध्ये टोकियोला कराटे घेऊन गेलेले गिचिन फुनाकोशी आपल्या शिष्यांना बजावत, की कराटेत पहिला वार आपला नसतो. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आठ मार्चला दोन तासांचं प्रात्यक्षिक, मंचावर शाल-नारळ, एक मुलगी पाच गुंडांना अर्ध्या मिनिटात लोळवते, टाळ्या, प्रमाणपत्र. ती प्रमाणपत्रं मला मिठाच्या पोत्यांसारखी दिसतात. मिळालेल्या मुलीला वाटतं कोठार भरलेलं आहे.

भीतीत शरीर काय करतं, हे मॅडमनी आम्हाला करून दाखवलं. सभागृहाला पाच फेऱ्या पळायला लावलं, दिवे घालवले, कुणीतरी पत्र्यावर काठी बडवत होतं, आणि सांगितलं, आता पर्समधून किल्ली काढा. किल्ली निघाली नाही. बोटं जाडी भरडी झाल्यासारखी. भीतीत नजर बोगद्यासारखी अरुंद होते, कानावर आवाज नीट येत नाहीत, बारीक हालचाली हातातून जातात. म्हणून शिकवायचं ते थोडं आणि ठोकळ: तळहाताची टाच, कोपर, गुडघा, आणि पळ. वीस डाव येणारीला विसातला एक निवडावा लागतो, आणि पर्याय वाढले की माणूस मंदावतो. विल्यम हिक यांनी हे 1952 मध्येच प्रयोगशाळेत मोजून ठेवलं आहे.

आणि कधी कधी शरीर काहीच करत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या क्षणी अंग लाकडासारखं झालं, ओरडता आलं नाही, हलता आलं नाही. ठरवून केलेलं हे नसतं. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडलेलं जनावर निपचित पडतं, तीच जुनी यंत्रणा. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतर उठून पाणी प्यायला गेल्या, त्या उठल्या नाहीत. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “इतकी वर्षं मला वाटायचं, मी ओरडले का नाही.” पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. घरी जाताना त्यांनी मॅडमच्या हातात राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा दिला.

आपल्याकडच्या गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदी वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, साहेब, लग्नाचं वचन दिलेला. त्याच्यासमोर दोन हात अंतर कसं ठेवणार? तो घरात येतो, पाया पडून घेतो, पाठीवर हात ठेवतो आणि तो हात काढत नाही. कॅनडात तीन विद्यापीठांत 893 विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. अर्ध्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण, बाकीच्यांना नुसती पत्रकं. वर्षभरात पत्रकं मिळालेल्यांत 9.8 टक्के मुलींवर बलात्कार झाला, प्रशिक्षण घेतलेल्यांत 5.2 टक्के. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, काय फटके शिकवले असतील! फटके होते, पण बराच वेळ गेला होता तो ओळखीच्या माणसातला धोका वेळेत ओळखण्यात, आणि त्याला वाईट वाटेल, नातं तुटेल, लोक काय म्हणतील, हे मनातलं ओझं उतरवण्यात. थोडक्यात, जावयालाही मागे व्हा म्हणण्यात.

मुलींनीच का शिकायचं, मुलांना शिकवा की, असं कुणीतरी दर वेळी म्हणतं. खरं आहे त्यांचं. पण मुलं शिकून शहाणी होईपर्यंत वाळूजची दुसरी पाळी संपवून कुणाच्या तरी लेकीला आज रात्री घरी यायचंच असतं.

कायदा मात्र आपल्याला वाटतो त्याहून बाईच्या बाजूचा आहे. वर्गातल्या एक वकीलबाई तो समजावून सांगायच्या. जुन्या दंड संहितेतली कलमं 96 ते 106 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली. स्वतःच्या, आणि दुसऱ्याच्याही, शरीराचं रक्षण करण्याचा हक्क त्यांत आहे. बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिड फेकण्याच्या हल्ल्यात तो हक्क हल्लेखोराच्या प्राणापर्यंत जाऊ शकतो. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर जायचं. “म्हणजे खाली पडल्यावर आणखी चार लाथा घालायच्या नाहीत?” एकीनं विचारलं. चेहऱ्यावर निराशा होती. “नाही,” वकीलबाई म्हणाल्या, “तेवढ्यात तुम्ही पुढच्या चौकात पोहोचलेल्या पाहिजेत, 112 लावत.” पळून जाणं हा आमच्या वर्गातला सगळ्यात मानाचा डाव. त्यासाठी मॅडमनी सगळ्यांच्या चपला तपासल्या आणि निम्म्या नापास केल्या.

मला फरक पडला का? मी कुणाला मारलेलं नाही, मारायची वेळ आली नाही. पण परवा औरंगपुऱ्यात भाजी घेताना मागून कुणीतरी अंगाला खेटून उभं राहिलं. मी वळले, पंजा वर आला होता, आणि आवाज पोटातून निघाला: मागे व्हा. माणूस दचकला. खरोखरच गर्दीनं ढकललेला असेल बिचारा. माफ करा म्हणाला, मागे झाला. मी मेथीचा भाव विचारला. भाजीवालीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि न मागता कोथिंबीर घातली.

आता वर्गाचा दुसरा टप्पा आहे. त्यात तरी गुडघा, कोपर, लाथ असं काहीतरी असेल या आशेनं सगळ्या पुन्हा आल्या. मॅडमनी गाद्या अंथरल्या होत्या.

“आता पडायला शिकायचं.”

“पडायला?”

“काकू, तुमच्या वयाला तुमच्यावर सगळ्यात जास्त हल्ला कोण करतं माहितीये? बाथरूमची फरशी. मनगट मोडतं, खुबा मोडतो. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात टेकवायचे नाहीत, आपटायचे. ज्युदोत पहिली गोष्ट हीच शिकवतात.”

वकीलबाईंनी साडीचा पदर खोचला आणि गादीकडे संशयानं बघितलं. थोरल्या बाई मात्र केव्हाच गादीवर जाऊन बसल्या होत्या. “आधी मी पडते,” त्या म्हणाल्या, “पण मोजा जरा मोठ्यानं.”